वैद्यकशास्त्रात शिकवलेलं काही वर्षांत जुनं होतं, मग शिक्षक नेमकं काय शिकवतो?

प्रश्न विचारणाऱ्यांनी लिहिलंय की ते मेडिकल कॉलेजात नुकतेच शिकवायला लागलेत. आज वर्गात सांगितलेलं बरंचसं दहा-पंधरा वर्षांत बाद होणार असेल तर शिक्षक विद्यार्थ्याला देतो तरी काय, आणि तेच तेच शिकवून कंटाळा येत नाही का, असं त्यांना विचारायचंय. मी फिजिशियन आहे. आयुष्य वॉर्डात आणि वर्गात गेलं, निवृत्त झालो तरी अधूनमधून राउंड घ्यायला जातो. तेव्हा दोन्हीवर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

बाद होतं हे खरंच आहे. हार्ट फेल्युअरचं घ्या. हृदय आधीच थकलेलं, त्यात बीटा ब्लॉकर, म्हणजे ॲड्रेनॅलिनचा परिणाम रोखणारं औषध, दिलं तर ते आणखी मंदावणार, म्हणून हे औषध वर्ज्य, असं आम्हाला पाठ असायचं. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, कुणी उलट बोललं असतं तर परीक्षकाने त्याला पुन्हा सहा महिने अभ्यासाला बसवलं असतं. तर्क बिनतोड वाटायचा. पण थकलेल्या हृदयाला शरीर ॲड्रेनॅलिनच्या कुळातली रसायनं सोडून सतत पळवत ठेवतं आणि ही पळापळच त्याच्या स्नायूंची वाट लावते, हे त्या तर्कात कुठे बसवलेलंच नव्हतं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी १९७५ साली अवघ्या सात रुग्णांचा अनुभव छापला होता, की या औषधाने माणसं सुधारतात. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९९९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, दोन्हींत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी. आज हृदयाचं पंपिंग कमी असलेला रुग्ण स्थिर आहे आणि तरी बीटा ब्लॉकर लिहिलेलं नाही, तर राउंडवर रेसिडेंटला, म्हणजे वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरला, त्याचं कारण द्यावं लागतं.

अल्सरची कथा बहुतेकांना ठाऊक असेल. ताण, तिखट, ॲसिड यांवर सगळं खापर फोडून झालं होतं, ॲसिड कमी व्हावं म्हणून पोटाकडे जाणारी व्हेगस नर्व्ह कापण्यात सर्जनांच्या एका पिढीचा हात बसला होता, आणि मग ऑस्ट्रेलियातल्या वॉरन आणि मार्शल या डॉक्टरांनी जिवाणूकडे बोट दाखवलं. मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतः पिऊन पाहिला. नोबेल मिळालं २००५ साली.

शिकवताना मला सगळ्यात उपयोगी पडते ती मात्र तिसरी गोष्ट. हार्ट अटॅकनंतर ज्यांच्या ईसीजीत जादा ठोके दिसतात त्यांच्यात अचानक मृत्यूचं प्रमाण जास्त असतं. हे निरीक्षण पक्कं होतं, आजही आहे. जादा ठोके दाबणारी औषधं हाताशी होती. म्हणजे ठोके दाबले की मृत्यू टळणार, हे कुणालाही पटेल. तशी औषधं जगभर लिहिली जात होती. मग कास्ट नावाची चाचणी झाली. त्यात मुद्दाम असेच रुग्ण घेतले होते ज्यांचे जादा ठोके त्या औषधांनी कमी होतात असं आधी पाहून झालं होतं. १९८९ मध्ये त्यातली दोन औषधं, एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड, मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीवाल्यांच्या दुपटीहून जास्त होते. ईसीजी सुरेख आणि माणूस गेलेला.

हे सांगून मी गप्प बसतो आणि मुलांना आपापसात भांडू देतो. कुणी म्हणतं औषध वाईट होतं. कुणी म्हणतं डोस जास्त झाला असेल. बऱ्याच वेळाने एखादी मुलगी हळूच म्हणते, की ठोके हा मुळात आजार होता की आजाराची खूण? तिथून पुढचा तास मला काही करावं लागत नाही. साखर, कोलेस्टेरॉल, प्रेशर, प्रत्येक आकड्याबद्दल ती मुलं तोच प्रश्न विचारायला लागतात. काही आकडे त्या प्रश्नाला पुरून उरतात. प्रेशर कमी केलं की अर्धांगवायू खरोखर कमी होतो, हे चाचण्यांनी दाखवलंय. म्हणजे सगळंच खोटं असा सूर लावायचं कारण नाही. तो सूर हल्ली फार ऐकू येतो आणि मला तो आळशीपणाचा वाटतो.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: मी एकच गोष्ट शिकवतो, 'हे तुला कसं कळलं?' असं विचारायची खोड. आधी मी विद्यार्थ्याला विचारतो, मग तो स्वतःला विचारायला लागतो. राउंडवर हे असं चालतं:

'सर, पेशंटच्या डाव्या फुप्फुसाभोवती पाणी आहे.'
'कसं कळलं?'
'एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये आहे.'
'फिल्म पाहिलीस?'
'नाही सर.'
'पाठीवर बोटं वाजवून पाहिलंस?'

यावर उत्तर येत नाही. मग सगळे मिळून पाठ ठोकून पाहतो, पाणी असेल तिथे आवाज दगडासारखा बद्द येतो, आणि रिपोर्ट बरोबर निघाला तरी मुलाचा चेहरा बदलतो, कारण आता ते त्याचं स्वतःचं ज्ञान असतं. बोटांनी छाती वाजवायची ही युक्ती ऑस्ट्रियातले डॉक्टर आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये छापली होती. ती आणखी किती काळ वापरात राहील सांगता येत नाही. सोनोग्राफीचं यंत्र आता खिशात मावतं आणि ते जास्त अचूक आहे. मावू दे. ते यंत्र लावल्यावरही 'कसं कळलं' हे विचारावंच लागणार.

'आमच्या वेळी यंत्रं नव्हती तरी निदानं कशी अचूक व्हायची' असं म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या डॉक्टरांशी माझं जमत नाही. अचूक व्हायची की नाही हे पडताळायलाच काही नव्हतं, म्हणून अचूक वाटायची.

यंत्रांनी न हलवलेली जागा म्हणजे हिस्टरी, रुग्णाने स्वतः सांगितलेली आजाराची हकिगत. ब्रिटनमध्ये हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ओपीडीत नव्याने आलेले ८० रुग्ण पाहिले. पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी आणि रुग्णाचं बोलणं एवढ्यावर बांधलेलं निदान ६६ जणांत शेवटपर्यंत टिकलं. तपासणीने ७ जणांत मत बदललं, लॅबने आणखी ७ जणांत. आणि आपण या सगळ्यात मोठ्या ऐवजाचं करतो काय? १९८४ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात रुग्ण बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये तोंड घालतात असं दिसलं. पुढे स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टरांना गप्प बसायला सांगून मोजलं, तर रुग्ण सरासरी ९२ सेकंदांत आपण होऊन थांबले. दीड मिनिट! मी विद्यार्थ्यांना सांगतो, पहिली दोन मिनिटं पेन खाली ठेवा. फार अवघड जातं त्यांना. मलाही गर्दीच्या ओपीडीत जायचंच.

यात हातांकडे बघणंही आलं. 'छातीत दुखतं का?' असं विचारलं की अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याचा त्रास, असलेला माणूस पुष्कळदा 'नाही' म्हणतो, आणि ते प्रामाणिक उत्तर असतं. त्याला जड वाटतं, आवळल्यासारखं होतं. पण 'काय होतं ते दाखवा' म्हटलं की मूठ आवळून छातीच्या मधोमध धरतो. फॉर्मवर 'छातीत दुखणे: नाही' अशी टिक करून मोकळं होणाऱ्याला ती मूठ दिसत नाही.

आता वयाबद्दल थोडं, कारण ते या प्रश्नात आडून येतंच. वयाबरोबर कान आधी वरच्या पट्टीतले आवाज सोडतात. हृदयाची एओर्टिक झडप गळत असेल तर येणारा मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, नेमका तसाच असतो, मऊ आणि वरच्या पट्टीतला. रुग्णाला पुढे झुकवून, श्वास सोडून धरायला लावून ऐकला तरी माझ्या हातून तो आता निसटतो. म्हणून मी विद्यार्थ्याला पुढे करतो आणि म्हणतो, 'मला ऐकू येत नाही, तू ऐकून सांग.' याचा एक परिणाम मला अपेक्षित नव्हता. वॉर्डात शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, की सरांनी 'ऐकला का मर्मर?' विचारलं की आठच्या आठ जण मान डोलावतात, आणि त्यातल्या दोघांनी तो ऐकलेला असतो. माझ्या कानांनी दगा दिल्यापासून हे मान डोलावणं बरंच कमी झालंय. 'नाही येत, सर' असं मुलं सरळ सांगतात. मग त्यांना पुन्हा ऐकवता येतं, नंतर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पाहून पडताळता येतं. चांगल्या कानांच्या काळात हे मला साधलं नव्हतं.

कंटाळ्याचं म्हणाल तर येतो, लपवण्यासारखं काही नाही. भरल्या वर्गासमोर तीच स्लाइड दाखवायचा फार कंटाळा आला होता, आणि मुलांनाही आला असणार. परीक्षेचे पेपर तपासण्याबद्दल तर बोलायलाच नको. राउंडचा मात्र नाही आला, कारण पुढच्या खाटेवर कोण असेल ते आदल्या दिवशी ठरलेलं नसतं आणि आजार सारखा असला तरी तो सांगणारा माणूस दुसरा असतो. तुम्ही नवीन आहात, त्यामुळे वेळापत्रकात लेक्चरंच जास्त वाट्याला येतील. वरिष्ठांना बहुधा सकाळचे राउंड जड होत असतात. त्यांच्याकडून ते मागून घ्या. नाही म्हणणार नाहीत.