ज्याच्या मनाचा थांग लागत नाही अशा माणसाला बोलीभाषेत काय म्हणतात?

तुमचा रूममेट मनातलं कधीच बोलत नाही, खूश आहे की चिडलाय तेही चेहऱ्यावरून कळत नाही, तर अशाला मराठीत बोलताना काय म्हणायचं असं तुम्ही विचारलंय. शब्द भरपूर आहेत पण त्यातले निम्मेअधिक टोचणारे आहेत, म्हणून कुठला शब्द कुठे चालतो तेही सांगते.

सगळ्यात जास्त ऐकू येतो तो घुम्या, बाई असेल तर घुमी. यात नुसतं गप्प राहणं नाही येत, आत काहीतरी धरून बसलाय, कुढतोय, असा अर्थ लागतो. काही विचारलं की खाली मान घालून बसणाऱ्या पोराला आई म्हणतेच, 'घुम्यासारखा काय बसलायस, बोल की काहीतरी'. घरात चालतं हे, बाहेरच्याला म्हणाल तर लागेल त्याला.

आतल्या गाठीचा हा फार जड शब्द. इथे सरळ संशयच आहे, की हा मुद्दाम लपवतोय आणि वेळ आली की डाव टाकणार. स्थळ बघताना मुलाबद्दल कोणी नुसतं 'जरा आतल्या गाठीचा आहे' म्हटलं तरी पुढची बोलणी गार पडतात. आणि नव्या सुनेला तर हा शब्द इतक्या पटकन चिकटवतात ना, ती बिचारी नवीन घर, नवीन माणसं म्हणून दबून असते, चार दिवस जास्त बोलत नाही, की लगेच 'आतल्या गाठीची दिसते हो'. मला याचा मनापासून राग येतो. पाताळयंत्री त्याच्याही पुढचा, तो खरोखर कारस्थानं करणाऱ्यासाठीच ठेवा.

मूग गिळून बसलाय, मिठाची गुळणी धरलीय, ताकास तूर लागू देत नाही, हे लोक एकाच पोतडीत टाकतात पण हे स्वभावाबद्दल नाहीत, त्या वेळेपुरते आहेत. म्हणजे एरवी बडबड्या असलेला मित्र इंटरव्ह्यू देऊन आला आणि काय झालं ते सांगतच नाहीये, तर तो ताकास तूर लागू देत नाहीये. उद्या ऑफर लेटर आलं की स्वतःच बोंबलत येईल. तुमच्या रूममेटचा स्वभावच तसा असेल तर हे बसणार नाहीत.

मुंबई पुण्याच्या पोरांचे शब्द मला जास्त आवडतात कारण त्यात कौतुक पण असतं. सुमडीत हा त्यातला भारी. 'तो सगळं सुमडीत करतो' म्हणजे कुणाला पत्ता लागू न देता गुपचूप काम उरकतो, मग ते लग्न ठरवणं असो नाहीतर एमपीएससीचा अभ्यास. शांतीत क्रांती पण तसंच, वर्षभर तोंड उघडलं नाही आणि निकालाच्या दिवशी सगळ्यांना गार केलं. छुपा रुस्तम जुना झाला पण अजून चालतो. मख्ख मात्र जपून वापरा, त्यात चेहरा कोरा आहे यापेक्षा डोक्यात काही शिरत नाही असा सूर जास्त येतो. शिष्ट, भाव खातो, खडूस हे तर अशा माणसांवर हमखास मारले जाणारे चुकीचे शिक्के, शिष्टपणात समोरच्याला कमी लेखणं असतं आणि गप्प माणसाच्या मनात ते असेलच असं नाही.

हल्ली रील्स बघून सगळे अशांना अव्हॉयडंट, म्हणजे जवळीक टाळणारा, म्हणायला लागलेत. तो शब्द मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या तान्ह्या मुलांवरच्या अभ्यासातून आलाय. त्यात आई खोलीतून गेली की काही मुलं रडायची नाहीत, ती परत आली तरी तिच्याकडे न बघता खेळत राहायची, बघणाऱ्याला वाटावं की याला काही फरकच पडत नाही. पण पुढे 1977 च्या सुमारास संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले तर ते वाढलेले निघाले. हे वाचल्यापासून मी कुणालाही कोरडा म्हणायचं बंद केलंय.

आमच्या घरीच बघा ना, माझे सासरे. भाजी आवडली का विचारलं तर 'हं'. मीठ कमी पडलं तरी 'हं'. लग्नानंतर पहिले काही महिने मला कळेचना की यांना मी पसंत आहे की नाही, मग हळूहळू लक्षात आलं की आवडलेल्या भाजीच्या दिवशी ते एक भाकरी जास्त मागतात आणि न आवडलेल्या दिवशी ताकभातावर जातात, तोंडातून एक शब्द नाही. माझी रात्रपाळी असायची तेव्हा परतायच्या वेळेला ते एसटी स्टँडच्या बाहेर गाडी लावून उभे असायचे, आणि का आलात विचारलं तर म्हणायचे 'इकडंच काम होतं'. पहाटे पाचला कसलं काम! गावात त्यांना घुमे म्हणतात. सासूबाई म्हणतात फणस आहे, आणि त्यांनाच तो शब्द शोभतो कारण गरे त्यांनी खाल्लेत.

तर तुमच्या रूममेटसाठी, त्याच्या पाठीमागे दुसऱ्या कुणाला सांगायचं असेल तर अबोल म्हणा, किंवा 'मनातलं लवकर बोलत नाही' एवढं साधं सांगा, त्यात कुठलाच आरोप नाही. तोंडावर चेष्टेत म्हणायचं असेल तर 'काय सुमडीत चाललंय रे तुझं' एकदम चालेल, कदाचित हसेल पण. आतल्या गाठीचा मात्र त्याने खरंच काही दगाफटका केल्याशिवाय म्हणू नका.