कातडं सोललं कोणी?

प्रश्न असा आहे: ‘नार्निया’ या मुलांच्या अद्भुत कथामालेसारख्या पुस्तकांवर सिनेमे निघतात, तेव्हा त्यांतला ख्रिस्ती आशय मुद्दाम गाळला जातो का?

मुद्दाम गाळतात असं मला वाटत नाही. पण क्रूस किती वेळा दिसला, देवाचं नाव किती वेळा आलं एवढंच मोजत बसलात तर हिशेब चुकेल.

माझं गाव अचलपूरकडचं. आमच्या चर्चची मोजून पंधरा-वीस घरं. नाताळच्या आधी एक दिवस आम्ही पांढऱ्या चादरीवर सिनेमा लावतो, आणि बघायला बाकीचं गावच जास्त येतं. दोन वर्षांपूर्वी ‘नार्निया’मालेतला, २०१० सालचा ‘द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’ लावला होता. मी मधेमधे थांबवून वऱ्हाडीत सांगत होतो.

त्यात युस्टेस नावाचा कुरकुऱ्या, हावरट पोरगा ड्रॅगन होतो. सी. एस. लुइसच्या पुस्तकात (१९५२) तो आपलं कातडं स्वतःच ओरबाडून काढतो. एकदा नाही, तीनदा. सापानं कात टाकावी तसं. दर वेळी खाली पुन्हा तेच खवले. शेवटी अस्लान सिंह, म्हणजे लुइसच्या गोष्टीतला ख्रिस्तच, म्हणतो, आता मला काढू दे. पहिलंच नख पार काळजापर्यंत गेलं असं पोराला वाटतं. मग सिंह त्याला पाण्यात टाकतो आणि तो बाहेर येतो माणूस होऊन. बाप्तिस्मा हा शब्द कुठेच नाही, गरजही नाही.

सिनेमात ड्रॅगन झालेला युस्टेस आधी समुद्रातल्या अजस्र सापाशी झुंजतो, जखमी होतो. मग कुठे सिंह भेटतो. तो पंजा ओढतो वाळूवर, आणि ओरखडे उमटतात ड्रॅगनच्या अंगावर. ते तीन फसलेले प्रयत्न दिसतच नाहीत. नंतर पोरगा बोलून दाखवतो की मला स्वतःला ते जमलं नाही. म्हणजे पटकथाकारांनी आशय टाकलेला नाही, एका वाक्यात उरकलाय.

सिनेमा संपल्यावर शेजारचे काका म्हणाले, “मंग थो लढला म्हून त्याले माणूस केलं, असंच ना मास्तर?”

मी तेव्हा हो म्हणालो. घरी येऊन खटकलं. काका माळकरी, पंढरीची वारी करणारे. कृपा कमावता येत नाही हे त्यांना मी काय सांगणार? पण पडद्यावर त्यांना कृपा दिसलीच नाही, बक्षीस दिसलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

गंमत म्हणजे याच सिनेमात अस्लान मुलांना सांगतो की तुमच्या जगात माझं दुसरं नाव आहे, त्या नावानं मला ओळखायला शिका. इतकं उघड वाक्य पुस्तकातून जवळजवळ जसंच्या तसं घेतलंय! पुस्तकात शेवटी समुद्रकिनारी मासे भाजून बसलेलं कोकरू, म्हणजे अस्लानच, मात्र गेलं. योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय, जिथं पुन्हा उठलेला येशू किनाऱ्यावर शिष्यांसाठी मासे भाजतो, तो ज्यानं वाचलाय त्याला ते लगेच ओळखू आलं असतं.

उलटं उदाहरण ‘बेन-हर’चं. ल्यू वॉलेसच्या १८८० सालच्या कादंबरीचं उपशीर्षकच ‘ख्रिस्ताची कथा’ असं. १९५९चा सिनेमा केला विल्यम वायलरनं, जो स्वतः ज्यू होता. त्यात येशूचा चेहरा दिसत नाही, आवाजही ऐकू येत नाही. पुस्तकात नायकाची कुष्ठरोगी आई आणि बहीण बऱ्या होतात त्या येशू यरुशलेमेत प्रवेश करतो त्या दिवशी, वाटेत. सिनेमानं ते उचलून क्रुसाच्या घटकेवर नेलं: वादळ, पाऊस, आणि पाण्याबरोबर वाहत गेलेलं रक्त. पुस्तकाशी हा बदल मोठाच, पण संदेश पातळ झाला नाही, घट्ट झाला. माझी आजी कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात स्वयंपाकाला होती. रथांच्या शर्यतीत ती पेंगत होती. या प्रसंगाला उठून बसली.

व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’ कादंबरीच्या सिनेमांत दोन्ही तऱ्हा सापडतात. १९९८च्या सिनेमात पाठलाग करणारा इन्स्पेक्टर नदीत उडी घेतो आणि नायक ज्याँ वालज्याँ, एकेकाळचा कैदी, सुटल्यासारखा चालू लागतो, संपलं. चोरी माफ करून बिशपनं त्याला दिलेल्या मेणबत्तीदाणांच्या उजेडात येणारं त्याचं मरण गायब. २०१२च्या संगीतिकेत मरताना त्याच्या स्वागताला खुद्द बिशप उभा असतो, जो पुस्तकात केव्हाच वारलेला आहे. मला ते आवडलं, थोडं गोडमिट्ट असलं तरी.

यंदा ‘बेन-हर’च लावावा म्हणतोय. साडेतीन तासांचा आहे, आणि पहाटे कापूस वेचायला जाणाऱ्या बायका मध्यंतरालाच उठतील. शर्यत गेली तरी चालेल. शेवटचा तासच आधी लावू का, हे काकांना विचारतो.