व्हरांड्याची भिंत आणि 28 पोरं

प्रश्न: ताई, मी पालघर जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, दोन्ही मिळून 28 मुलं. वर्गात चिकटकाम घेतलं की चार दिवसात कडा सुटतात, अर्धे तुकडे खाली पडतात. आता व्हरांड्यातली 12 फुटांची भिंत रंगवायला मिळालीय, तर पालक म्हणतात पेंटर बोलवा, तो कार्टून काढेल, मुलं आत रंग भरतील. मला ते पटत नाहीये. काय करू?

उत्तर: नाहीच पटू दे! मोठ्यांनी रेघ काढायची नि पोरांनी ती न ओलांडता रंग भरायचा, यात त्यांचं काय राहिलं सांगा. तुमचं कोलाज हेच भिंतीचं कच्चं चित्र करा ना.

आधी कडांचं बघू. पोरं काय करतात, चिमुकल्या तुकड्याच्या मध्यभागी डिंकाचा गोळा ठेवतात आणि दाबतात, मग कडा उचलणारच. डिंक तुकड्याला नाही, खालच्या मोठ्या कागदाला लावायचा, बोटाने पसरून पातळ, आणि त्यावर तुकडे बसवायचे. लग्नपत्रिका दिसतात छान पण गुळगुळीत नि जाड, त्या लवकर सुटतात, त्यापेक्षा वर्तमानपत्र नि पतंगाचा कागद बरा. पहिलीला कात्री देऊच नका, हाताने फाडू दे, फाटलेल्या कडेला जी पांढरी दशी दिसते ना ती मला कापलेल्या कडेपेक्षा कितीतरी आवडते. खळ घरीच करा, वाटीभर मैदा गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, एकूण चार वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं, पारदर्शक दिसायला लागली की झाली. जुनी माणसं त्यात मोरचूद घालायची किडीसाठी, ते अजिबात नको, विष आहे ते, पोरं बोटं तोंडात घालतात. त्यापेक्षा लागेल तेवढीच ताजी करा.

आता भिंत. तुमच्याकडे वारली आहे, आणि वारलीतलं माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, म्हणजे कोलाजच की! वर्तमानपत्राचे त्रिकोण भिंतीवर खळीच्या ठिपक्याने तात्पुरते चिकटवा, पोरं हवं तसं हलवतील, नाचवतील, कुणाचा बैल सहा पायांचा होईल, होऊ दे. ठरलं की खडूने भोवती गिरवा, कागद काढा, रंगवा. वर्गातल्या कुणाच्या आजीला नक्की बोलवा. जिव्या सोमा म्हशे यांनी हे चित्र कागदावर, कापडावर आणून जगभर नेलं, 2011 ला पद्मश्री मिळाली त्यांना, पण त्याआधी ते बायकांच्या हातचं होतं, लग्नघरच्या भिंतीवरचं, गेरूवर तांदळाच्या पिठाचं पांढरं, बांबूची काडी चावून केलेला ब्रश. आजी ती काडी चावून दाखवेल तेव्हा पोरांची तोंडं बघा तुम्ही. फक्त लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघरी भिंतीवर काढतात ते चौकोनी चित्र, नि त्यातली पालघाट देवी विधीची आहे, ती शाळेच्या भिंतीवर काढायची का ते आजीलाच ठरवू दे.

रंग ऑइल पेंट नको. मी एकदा चुन्याच्या भिंतीवर तो वापरला, आत ओल होती ती कोंडली, आणि जूनमध्ये पापुद्रेच्या पापुद्रे सुटले, पोरं ते वेचून माझ्याकडे घेऊन आली, अजून डोळ्यासमोर आहे. तेव्हा दिवाळीनंतर भिंत चांगली सुकली की भुकटी सुटणारा चुना घासून काढा, प्रायमरचा हात द्या, वर गेरू रंगाचं बाहेरच्या भिंतीचं इमल्शन. खालचा एक फूट नुसता गेरूच ठेवा, तिथे बूट लागतात, फरशी पुसल्याचं पाणी उडतं. चित्र एक ते साडेतीन फुटांतच, तेवढंच त्यांच्या हाताला येतं, वरचं भरायला शिडी नको नि आपणही नको. पाच-सहा जणांचा एक गट, करवंटीत थोडासाच रंग, बाबांचा जुना शर्ट उलटा घालून.

आणि त्या सहा पायांच्या बैलाचे पाय रात्री गुपचूप पुसू नका हं.