अकिहाबाराच्या यादीआधी पॉलिसीची पानं उघडा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी ३२ वर्षांचा, पुण्यात आयटीत आहे. महिन्याला ९५ हजार हातात येतात. घरी आई-बाबा, पत्नी (सध्या नोकरी नाही) आणि दोन वर्षांची मुलगी. गृहकर्ज ४८ लाख बाकी, हप्ता ४२ हजार. बचत खात्यात ४० हजार. नोव्हेंबर २०२६ च्या अखेरीस आम्ही दोघं बारा दिवस जपानला जातोय, तिकिटं-हॉटेलं बोनसमधून भरून झालीत. शाळेपासून ॲनिमे आणि व्हिडिओ गेमचं वेड आहे. टोकियोतल्या अकिहाबारा आणि नाकानो ब्रॉडवे या ॲनिमे-गेमच्या बाजारांत ३ लाखांची खरेदी ठरवली आहे, यादी सोबत जोडतो. पैशांसाठी पॉलिसीवर कर्ज काढीन. बँकेतल्या मॅनेजरनी डिसेंबर २०२२ मध्ये 'एफडीसारखीच आहे' म्हणून दिली होती: वर्षाला १.२ लाख, दहा वर्षं भरायचे, वीस वर्षांनी २४ लाख हमखास, विमा १२ लाखांचा. पाचव्या हप्त्यासाठी आरडी चालू आहे. निम्मं सामान इथे दुप्पट भावाने विकून कर्ज फेडीन. फॉरेक्स कार्ड न्यावं की क्रेडिट कार्ड?

तुमच्या यादीत ४६ ओळी आहेत. प्रत्येक वस्तूपुढे दुकान, मजला, नवी की जुनी, येनमधला भाव, सगळं लिहिलंय. इतकी नीट यादी करणाऱ्या माणसाने पॉलिसीबद्दल दोनच ओळी लिहाव्यात, याचंच मला वाईट वाटलं. कार्डाचं उत्तर सोपं आहे, ते शेवटी देते.

आधी त्या १२ लाखांकडे बघा. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर घरी १२ लाख येतील आणि बँक ४८ लाख मागेल. ३६ लाखांचा खड्डा, आणि त्यात अजून दूध-भाजी, औषधं, मुलीची शाळा धरलेलीच नाही. घरात कमावणारे तुम्ही एकटे. तुम्हाला किमान दीड कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स हवा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा. तुमच्या वयाला, व्यसन नसेल तर, तो वर्षाला साधारण १५ ते २० हजारांत मिळतो आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. म्हणजे आज तुम्ही सहा-सात पट पैसे भरून बाराव्या हिश्श्याचं संरक्षण घेताय.

'एफडीसारखीच' हे वाक्य ऐकलं की माझा संयम सुटतो. एफडी मोडली तर थोडं व्याज जातं, मुद्दल हातात येतं. ही पॉलिसी मोडली तर? चार हप्ते म्हणजे ४.८ लाख भरलेत. चौथ्या वर्षी सरेंडरची, म्हणजे मुदतीआधी मोडल्यावर मिळणाऱ्या रकमेची, हमी साधारण निम्म्याची, म्हणजे २.४ लाख. कंपनीची विशेष सरेंडर किंमत याहून थोडी बरी असू शकते. कर्ज मिळतं ते सरेंडर किमतीच्या ८०-९० टक्के, म्हणजे दोन लाखांच्या आसपास. तुम्ही धरलेले ३ लाख तिथे बहुधा नाहीतच. त्यावर ९-१० टक्के व्याज.

आणि परतावा? १२ लाखांचे २४ लाख ऐकायला मोठं वाटतं. पण हप्ते दहा वर्षांत विखुरलेले धरले तर पैसा सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो. दुप्पट व्हायला लागलेल्या वर्षांनी ७२ ला भागलं की व्याजदराचा अंदाज येतो. ७२ ला साडेपंधराने भागा: वर्षाला साडेचार टक्क्यांच्या जरा वर. साधं पीपीएफ ७.१ टक्के देत आलंय. साडेचार टक्के कमावणाऱ्या पैशावर साडेनऊ टक्क्यांनी कर्ज काढायचं, तेही शोभेच्या वस्तूंसाठी, हे मी तुम्हाला करू देणार नाही.

मग काय करायचं? घाईने सरेंडर करू नका. कंपनीला ईमेल करून तीन आकडे लेखी मागवा: आजची सरेंडर किंमत, पॉलिसी पेड-अप केली तर २०४२ मध्ये मिळणारी रक्कम, आणि तोवरचं विमा कव्हर. पेड-अप म्हणजे पुढचे हप्ते थांबतात आणि भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात रक्कम शेवटी मिळते. २४ लाखांचे चार दशांश, म्हणजे साडेनऊ लाखांच्या आसपास आकडा आला तर पेड-अप करा. आजचे २.४ लाख १६ वर्षांत चौपट, म्हणजे जवळपास ९ टक्के, मोडण्यापेक्षा कितीतरी बरं. आणि उरलेले ७.२ लाख भरत राहिलात तर त्यांच्यावर सव्वापाच टक्केच सुटतात. कंपनीने पाच लाखांसारखा आकडा सांगितला तर मात्र गणित उलटतं, तेव्हा मला परत लिहा. ऑफिसमधल्या कुणाच्या सांगण्यावरून मोडू नका. क्रम पक्का: आधी टर्म पॉलिसी हातात, मगच जुना हप्ता थांबवायचा.

आता दुप्पट भावाचं. अकिहाबाराच्या रेडिओ कैकान या इमारतीत काचेचे छोटे कप्पे भाड्याने मिळतात, लोक आपापल्या वस्तू त्यात विकायला ठेवतात. तीच फिगर (पात्राची छोटी मूर्ती) शेजारशेजारच्या कप्प्यांत वेगवेगळ्या भावाने दिसते, आणि खोक्याचा एक कोपरा दबला असेल तर भाव लगेच उतरतो. नेंडोरॉइडसारख्या (मोठ्या डोक्याच्या छोट्या) फिगर कंपनी पुन्हा काढते, तेव्हा 'दुर्मीळ' म्हणून दिलेला जास्तीचा भाव जातो. जपानात, जिथे खरे गिऱ्हाईक आहेत, तिथे हे हाल. पुण्यात तुम्हाला गिऱ्हाईक एकेक करून शोधावं लागेल, आणि तोवर कर्जाचं व्याज चालू राहील.

शिवाय कस्टम्स. फेब्रुवारी २०२६ पासून माणशी ७५ हजारांपर्यंतचं सामान करमुक्त. दोघांनी वाटून आणलं तरी ३ लाखांतले दीड लाख वर उरतात, आणि त्यावर ३५ टक्क्यांपुढे शुल्क म्हणजे पन्नास हजारांहून जास्त. विक्रीसाठी आणलेला माल या सवलतीत बसतच नाही.

म्हणून यादीतल्या विकायच्या सगळ्या ओळी खोडा. स्वतःसाठी १ लाख येन ठेवा. येन ६० पैशांचा धरला तर ६० हजार रुपये. पॉलिसी पेड-अप झाली तर पाचव्या हप्त्याच्या आरडीतून हे निघतात: ६० हजार खरेदी, २० हजार टर्मचा हप्ता, ४० हजार बचतीत. कंपनीचं उत्तर वेळेत आलं नाही तर आरडीला हात लावायचा नाही, खरेदी थांबली तरी चालेल. पुढच्या वर्षीपासून ते १.२ लाख आधी आणीबाणीच्या निधीत. घरखर्च आणि हप्ता मिळून सहा महिन्यांचे साडेचार लाख लागतात, आणि आज तुमच्याकडे ४० हजार आहेत.

कार्डाचं: फॉरेक्स कार्डात येन भरून न्या. बहुतेक क्रेडिट कार्डं साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतात, म्हणजे शंभराला चार रुपये जास्त. दुकानदाराने रुपयांत की येनमध्ये विचारलं तर येनच. गाचापोनच्या (नाणं टाकून कॅप्सूलमधलं खेळणं देणाऱ्या) मशीनला १०० येनची नाणी लागतात, थोडी रोकड ठेवा. १ नोव्हेंबर २०२६ पासून टॅक्स-फ्रीची, म्हणजे पर्यटकांना खरेदीवरचा कर माफ करण्याची, पद्धत बदलतेय: एका दुकानात एका दिवशी किमान ५,००० येनची खरेदी ही अट राहते, पण १० टक्के कर आधी भरायचा आणि परतताना विमानतळावर कस्टम्सने शहानिशा केल्यावर परत मिळवायचा. तेव्हा कार्डात तेवढे जास्त येन ठेवा आणि बॅग चेक-इन करण्याआधी ते काम उरका.

यादीतल्या दोन ओळी बदला. निन्टेंडोच्या स्विच २ या गेम कन्सोलची जपानी आवृत्ती बाजारात आली तेव्हा ४९,९८० येनला होती, म्हणून स्वस्त वाटते, पण तिची भाषा फक्त जपानी आहे आणि जपानचंच खातं चालतं. बहुभाषिक आवृत्ती ६९,९८० ला होती. आणि सुपर फॅमिकॉम हा निन्टेंडोचा जुना कन्सोल घेणार असाल तर त्याचा अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो. इथल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावू नका, जळेल. ट्रान्सफॉर्मरची किंमत त्याच ओळीत लिहा.