खारपाणपट्ट्यातला समुद्र

प्रश्न : भाऊ, मी दर्यापूर तालुक्यातला, म्हणजे विदर्भाच्या खारपाणपट्ट्यातला, जिथं जमिनीतलं पाणीच खारं. 200 लिटरची टाकी घेतली, त्यात कोरल (समुद्रातली प्रवाळं) ठेवायचे हायेत. आमच्या बोअरचं पाणी तसंही खारंच, तेच टाकलं तर मिठाचा खर्च वाचंल ना? अन् फिल्टर कोणता घेऊ?

उत्तर : बाप्पा, खारं म्हणजे समुद्राचं नव्हे! आपल्या बोअरच्या क्षारांचा हिशोब वेगळा, कोरल टिकायचे नाहीत. आरओ-डीआयचं, म्हणजे क्षार पार गाळून काढलेलं पाणी घे, टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो) शून्य दिसलं पाहिजे, मग त्यात रीफचं, म्हणजे कोरलच्या टाकीसाठीचं मीठ, लिटरमागं 35 ते 40 ग्रॅम, हायड्रोमीटरवर (पाण्याच्या घनतेवरून खारेपणा दाखवतो तो) 1.025 येईपर्यंत.

फिल्टरचं म्हणशील तर खरा फिल्टर म्हणजे लाइव्ह रॉक (समुद्री टाकीतला सच्छिद्र दगड), त्याच्या भोकाभोकांत बॅक्टेरिया राहतात, ते घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट अन् त्याचं पुढं नायट्रेट करतात, आणि सोबत प्रोटीन स्किमर (फेस करून पाण्यातली घाण वर काढणारं यंत्र), ज्याच्या कपात चहाच्या चोथ्यासारखा काळपट गाळ जमतो अन् वास असा की घरचे विचारतील काय मेलं म्हणून. पैसे तिथंच घाल. स्किमर खाली संपमध्ये, म्हणजे मोठ्या टाकीखालच्या जोडटाकीत ठेव, पण संप काठोकाठ भरू नको, लाइन गेली की वरचं पाणी पाइपातून खाली उतरतं, माझी सतरंजी भिजलीय एकदा. लाइन तर जातेच, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप पाहिजेच. मे महिन्यात चिलर (टाकीचं पाणी गार करणारं यंत्र) लागंल, कूलरच्या भरवशावर 26 डिग्री जमत नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं गोडंच भर, मीठ काही उडत नाही.

अन् अमोनिया-नायट्राइट शून्य येईस्तोवर मासे आणू नको, महिना-दीड महिना लागतोच.