नॅनीच्या जेवणाचं काय करायचं?

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईने लिहिलं आहे. मुलगा सव्वा वर्षाचा. त्याला सांभाळायला सकाळी आठ ते संध्याकाळी सहा एक गुजराती बाई येतात, घरात सगळे त्यांना मावशी म्हणतात. मावशी आपला डबा आणायच्या. पुण्याहून सासूबाई आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मावशींचं पान आपल्याबरोबर मांडलं. आता सासूबाई परत निघाल्या आहेत. नवऱ्याचं म्हणणं, आपण तासाचे पैसे देतो, जेवण आपल्याकडे नाही. सासूबाईंचं म्हणणं, दिवसभर आपल्या घरात असलेलं माणूस आपल्याकडे जेवायचं नाही तर कुठे? "ताई, दोघांपैकी कोणाचं ऐकू?"

कायद्यापुरतं विचाराल तर तुमच्या नवऱ्याचं बरोबर आहे. रोज येऊन-जाऊन काम करणाऱ्या नॅनीला जेवण दिलंच पाहिजे असं बंधन अमेरिकेत नाही. ते ओ पेअरच्या, म्हणजे कुटुंबाच्या घरीच राहून मुलं सांभाळणाऱ्या परदेशी तरुण मंडळींच्या बाबतीत आहे: तिथे राहणं-जेवण यजमान कुटुंबाकडेच असतं. सिंगापूरला घरात राहणाऱ्या परदेशी मदतनीस बाईंना दिवसाला तीन वेळचं पुरेसं जेवण द्यावं लागतं. हाँगकाँगमध्ये जेवण द्या, नाहीतर जेवणाचा भत्ता द्या. त्यामुळे तिथली मैत्रीण काही सांगत असेल तर ते तिच्या गावचं समजा.

पण तुमच्या न्यू जर्सीत जेवणाच्या वेळेबद्दल कायदा आहे, आणि तो बऱ्याच घरांना ठाऊकच नसतो. 1 जुलै 2024 पासून तिथे घरकाम करणाऱ्यांसाठी, त्यात नॅनीही आल्या, वेगळा कायदा लागू झाला आहे. सलग पाच तासांहून जास्त काम असेल तर अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी, आणि दर चार तासांमागे दहा मिनिटांची भरपगारी विश्रांती. बाळाला सोडून जाता येत नाही म्हणून सुट्टी घेताच आली नाही, तर जेवणाचा तो अर्धा तासही कामाचाच, त्याचे पैसे द्यायचे.

आता मावशींची दुपार डोळ्यांसमोर आणा. बाळ साडेबाराला झोपतं. मावशी मायक्रोवेव्हमध्ये डबा ठेवतात, मॉनिटर ओट्यावर समोर. दुसरा घास घेताहेत तोवर स्क्रीनवर बाळ कूस बदलतं, त्या उठतात, थोपटून येतात. भाजी परत गरम. उरलेलं उभ्याउभ्याच संपतं, कारण बाटल्या धुवायच्या राहिल्यात. याला सुट्टी म्हणता येत नाही. "बाळ झोपलं की त्यांना दीड तास मोकळाच असतो" म्हणत अर्धा तास कापणारी घरं आहेत. तुम्ही तसं करत असाल तर ते आजच थांबवा.

जेवणाच्या बाबतीत मात्र माझं मत सासूबाईंकडे झुकतं. याचा अर्थ तुम्ही ऑफिसला पळायच्या आधी तीन माणसांच्या पोळ्या लाटायच्या, असा मुळीच नाही. घरात जे आहे ते मावशींना न विचारता घेता यावं, एवढंच. चहा, दूध, फळं, ब्रेड, दही, डाळ-भात. काही वस्तू बाळासाठीच राखून ठेवायच्या असतील तर त्यांचा एक कप्पा करा आणि तसं स्पष्ट सांगा. "अव्होकाडो कुठे गेले?" असं शुक्रवारी विचारण्यापेक्षा ते फार बरं. रविवारी किराण्याची यादी करताना एक मेसेज टाका: तुमच्यासाठी काय आणू?

आणि विचारा, गृहीत धरू नका. त्या कांदा-लसूण खात नसतील. आपल्या भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत शेंगदाण्याचं कूट असतंच, कुणाला त्याची ॲलर्जी असू शकते. काहींना आपल्याच हातचं आवडतं, त्यांना आग्रह करकरून वाढणं हाही त्रासच. उलट तुमच्या घरात मांसाहार चालत नसेल, किंवा बाळाला ॲलर्जी असल्यामुळे एखादा पदार्थ घरात यायलाच नको असेल, तर ते कामावर ठेवण्याआधी सांगायला हवं. डबा उघडल्यावर नाक मुरडून नव्हे.

दोन गोष्टींवर मी अडून बसेन. वेगळा कप, वेगळं ताट ठेवू नका. आपल्यातली काही घरं ती सवय सामानाबरोबर इकडेही घेऊन आली आहेत, आणि ती माझ्या मनाला लागते. जे हात तुमच्या लेकराला घास भरवतात त्यांना तुमचा कप विटाळतो कसा? दुसरं, शिळं. कालची भाजी तुम्ही स्वतः आज डब्यात नेणार असाल तर त्यांनाही खुशाल द्या. तुम्ही खाणार नसाल तर ती कचऱ्यात जाऊ दे.

पगारातून जेवणाचे पैसे कापू नका. फेडरल कायदा काही अटींवर जेवणाचा वाजवी खर्च किमान वेतनात धरू देतो, पण डाळ-भाताचा हिशोब मांडून वाचणार किती? आणि मावशी बाळाला घेऊन टर्टल बॅक झूला किंवा लिबर्टी सायन्स सेंटरला गेल्या, तर त्यांचं तिकीट आणि तिथलं खाणं तुमच्याकडून. थोडी रोख रक्कम आधीच हातात द्या, पावत्यांसाठी ताटकळत ठेवू नका.

हे सगळं लिहून ठेवा. नव्या कायद्यानुसार न्यू जर्सीत लेखी करार करावाच लागतो, त्यातच जेवणाच्या चार ओळी घाला: डबा आणायचा की घरचं खायचं हे मावशींच्या मर्जीवर, स्वयंपाकघरातलं काय मोकळं, काय राखीव, सुट्टी कधी आणि तिचे पैसे कसे. मराठी, इंग्रजी कळत नसेल तर त्यांना समजेल त्या भाषेत करा आणि एक प्रत त्यांच्याकडे द्या. सासूबाई निघण्याआधीच हे बोलणं उरका, म्हणजे त्या गेल्यावर ताट अचानक बंद झालं असं मावशींना वाटणार नाही. सरळ सांगा, "आई गेल्यावर रोज गरम पोळी जमणार नाही, पण वरण-भाताचा कुकर लावून जाईन. तुम्हाला चालेल, की डबा आणणं बरं वाटेल?"