ब्लॅकमोर ऐकायला कुठून सुरुवात करशील?

रॉक बँडमध्ये डीप पर्पल भारी की रेनबो, या वादात आत्ताच पडू नकोस. आधी पर्पलचा १९७२चा अल्बम 'मशीन हेड' आणि रेनबोचा १९७६चा 'रायझिंग' पाठोपाठ ऐक. गिटारवाला एकच, रिची ब्लॅकमोर. पण पर्पलमध्ये त्याच्यासमोर जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन (विजेवर चालणारं कीबोर्ड वाद्य) ठाण मांडून बसलाय. 'मशीन हेड'मधल्या 'हायवे स्टार'मध्ये आधी ऑर्गनचा सोलो येतो, मग गिटारचा. सरळ जुगलबंदीच! १९७५मध्ये ब्लॅकमोरने पर्पल सोडला आणि रेनबो काढला. तिथे कारभार त्याचाच, पण गायला रॉनी जेम्स डिओ मिळाला. 'रायझिंग'मधलं 'स्टारगेझर' आठ मिनिटांहून मोठं आहे. ते मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलंस तर वाया गेलं समज. हेडफोन लाव आणि कोझी पॉवेलच्या ड्रम्सकडे नीट कान दे. डिओने बँड सोडल्यानंतरचा रेनबो रेडिओवर चालेल असा गुळगुळीत झाला. तो नंतर ऐकलास तरी चालेल.

१९९७पासूनच्या ब्लॅकमोर्स नाइटला, म्हणजे जुन्या युरोपीय ढंगाचं संगीत वाजवणाऱ्या त्याच्या बँडला, बरेच जुने चाहते नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. जुन्या युरोपीय सुरावटींचं वेड त्याला म्हातारपणी लागलेलं नाही; रेनबोच्या पहिल्याच अल्बमवर 'सिक्स्टीन्थ सेंच्युरी ग्रीनस्लीव्ह्ज' आहे. मात्र ब्लॅकमोर्स नाइटमध्ये 'मशीन हेड'मधला कडकडाट शोधू नकोस.

आणि हो, ब्लॅकमोरने सोडला म्हणून पर्पल संपला नाही. गिटारवर स्टीव्ह मोर्स आल्यानंतरचा १९९६चा 'पर्पेंडिक्युलर' लाव, त्यातही आधी 'समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग'.